कुडीतला हिरा

गेल्या मार्गशीर्षात मुलाचा साखरपुडा झाला. त्याआधी दोन महिने आमच्या घरात एका अंगठीवरून बरंच रामायण घडलं. रामायण म्हणजे भांडण नव्हे, पण घरातली चार माणसं चार दिशांना तोंडं करून बसली की जे होतं ते.

तर झालं असं. मुलगी त्याची त्यानेच शोधलेली. त्यामुळे आमच्याकडे काम एकच, "छान आहे" म्हणायचं. आणि ती खरंच छान आहे. दातांची डॉक्टर आहे, कमी बोलते, पोटभर जेवते. साखरपुड्याच्या याद्या सुरू झाल्या तेव्हा एका संध्याकाळी चिरंजीव माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "आई, तुझ्या अंगठीतलाच हिरा वापरून तिची अंगठी केली तर?"

"चालेल की," मी म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

ही अंगठी १९८९ सालची, माझ्या साखरपुड्याची. बावीस कॅरटचं सोनं, वर चार काटे आणि त्यांनी उंच उचलून धरलेला एकच हिरा. आमच्या लग्नाच्या वेळी मध्यमवर्गीय घरात हिऱ्याची अंगठी ही काही नेहमीची गोष्ट नव्हती. मैत्रिणींनी हात ओढून ओढून पाहिली होती. मी ह्यांना कितीदा तरी विचारलं, "किती पडली हो?" दरवेळी उत्तर एकच. "बघायला पैसे पडत नाहीत, बघत राहा." मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ह्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांची शिल्लक त्यात घातली असणार. तो समज ह्यांनी कधी मोडला नाही.

ती अंगठी मी फक्त दोनदा काढली. एकदा बाळंतपणात बोटं सुजली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा २०२१ मध्ये, ह्यांच्या शेवटच्या आजारात, सॅनिटायझर चोळून चोळून बोटाची कातडी सोलली तेव्हा. ते गेल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा घातली. त्यानंतर नाही काढली.

होणाऱ्या सुनेचा फोन आला. "काकू, तुम्हाला नको असेल तर खरंच नको. मलाच संकोच वाटतोय." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आहे तशी घातली तर माझे हातमोजे फाटतात हो. दिवसातून वीस वेळा काढाघाला असते." तिच्या त्या सरळ बोलण्याने मला बरं वाटलं. निदान अडचण हातमोज्यांची होती, फॅशनची नाही.

* * *

आम्ही नाशिकचे. सराफ बाजारात आमचं ठरलेलं दुकान आहे, आता तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. साबणाचं पाणी लावून अंगठी काढली आणि त्या तरुण सराफाच्या हातात दिली. बोटावर पांढराफटक पट्टा उमटलेला होता, तो मी पदराखाली झाकला.

त्याने डोळ्याला भिंग लावलं, अंगठी फिरवली, पुन्हा फिरवली आणि म्हणाला, "काकू, हा खडा अंगठीपेक्षा खूप जुना आहे."

"म्हणजे?"

त्याने मला भिंगातून बघायला लावलं. हिरा पूर्ण गोल नव्हता, कोपरे मोडलेल्या चौकोनासारखा होता. वरचा भाग उंच, माथ्याची सपाटी लहान. आणि बरोबर मधोमध, तळाशी, एक बारीक वर्तुळ दिसत होतं. आजकालच्या हिऱ्याचं खालचं टोक सुईसारखं असतं. जुने कारागीर ते टोक थोडं घासून सपाट करत. वरून बघितलं की तीच सपाटी वर्तुळासारखी दिसते. छत्तीस वर्षं ती अंगठी घालून मी भाकऱ्या थापल्या, बँकेत नोटा मोजल्या, आणि ते वर्तुळ मला कधी दिसलं नव्हतं.

कडेला एक टवकाही निघालेला होता. तो मात्र मला ठाऊक होता. १९९६ साली बँकेच्या स्ट्राँगरूमच्या लोखंडी दारावर हात आपटला होता. हिरा जगातला सगळ्यात कठीण पदार्थ खरा, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण नेमक्या दिशेने फटका बसला तर त्याचा कपचा उडतो. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

सराफाने दोन मार्ग सांगितले. एक, खडा आहे तसा ठेवून फक्त अंगठी नव्याने घडवायची. दुसरा, खडा सुरतेला पाठवून पुन्हा पैलू पाडून घ्यायचे. आज चौतीस सेंटचा आहे, सत्तावीस-अठ्ठावीस सेंटचा उरेल. (शंभर सेंटचा एक कॅरट, आणि कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. म्हणजे बोलणं चाललं होतं ते तांदळाच्या एखाद्या दाण्याएवढ्या वजनाचं.) पण टवका जाईल, गोल होईल, चमक दुप्पट दिसेल, सर्टिफिकेटही चांगलं मिळेल. चिरंजीवांचे डोळे लगेच लकाकले.

"पण मग हिरा तोच राहील का?" मी विचारलं.

"तोच की काकू. फक्त थोडा कमी."

* * *

तोच, फक्त थोडा कमी. हे वाक्य ऐकलं आणि मला आमच्या गावाच्या नावाचा हिरा आठवला.

नाशिक हिरा. इंग्रज त्याला 'नासक' म्हणतात. गोवळकोंड्याच्या खाणींमधला, आणि परंपरेने सांगतात त्याप्रमाणे त्र्यंबकेश्वराच्या चरणी वाहिलेला. १८१८ साली पेशवाई बुडाली, दुसरा बाजीराव शरण आला आणि लुटीबरोबर हा हिराही ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. लंडनला नेऊन विकला, तो तिथल्या रंडेल अँड ब्रिज या सराफांनी घेतला. त्यांनी तो पुन्हा घासून घेतला. पण जपून. मूळ आकार शक्य तितका राखायचा आणि चमक वाढवायची. तरी ९० चे ८० झाले. १८३७ मध्ये लंडनमध्ये लिलाव झाला आणि ७,२०० पौंडांना तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. त्या घराण्याने तो तलवारीच्या मुठीत बसवला. शंकराचा हिरा इंग्रज उमरावाच्या तलवारीत!

पुढची गोष्ट आणखी गमतीची. १९२६ मध्ये हा हिरा अमेरिकेत नेला, तेव्हा त्याच्या जकातीवरून वाद झाला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर जकात माफ, नुसता दागिन्याचा खडा असेल तर भरा. म्हणजे कोर्टाला चक्क हे ठरवायचं होतं की हा हिरा इतिहास आहे की माल. १९३० मध्ये अपिलात निकाल लागला. माल.

दहा वर्षांनी, १९४० साली, न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या प्रसिद्ध जवाहिऱ्याने तो पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा कापला. या वेळी जपून नाही. आयताकृती, कोपरे छाटलेला, अत्यंत निर्दोष असा नवा घाट दिला. वजन उरलं ४३.३८ कॅरट. १९४४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईंना लग्नाच्या सहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला आणि त्यांनी तो अंगठीत घातला. १९७० च्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले.

आता बघा, प्रत्येक वेळी कागदोपत्री हिरा तोच. नावही तेच. पण त्र्यंबकच्या कुणा पुजाऱ्याला १९४४ मधली ती अंगठी दाखवली असती तर त्याने काय ओळखलं असतं? निम्म्याहून जास्त हिरा तर धूळ होऊन चाकाबरोबर उडून गेला होता.

कोहिनूरची कथा तुम्हाला माहीत असेलच, पण तिच्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. १८४९ मध्ये पंजाब घेतला तेव्हा लाहोरच्या तहात कोहिनूर राणीला देण्याचं कलमच होतं. देणारा महाराजा दुलीपसिंग तेव्हा दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या पोराची सही! १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात हिरा मांडला आणि लोक हिरमुसले. चमकतच नाही म्हणाले. मग १८५२ च्या जुलैत ॲमस्टरडॅमहून कारागीर बोलावले, खास वाफेचं इंजिन बसवलं, आणि पहिला पैलू घासायचा मान वयोवृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दिला. अडतीस दिवस काम चाललं. जुन्या मापाने १८६ कॅरटचा हिरा आजच्या मापाने १०५.६ कॅरटचा झाला. चमकू लागला हे मात्र खरं.

१८५४ मध्ये दुलीपसिंग इंग्लंडला आला. पंधरा वर्षांचा झाला होता. बकिंगहॅम राजवाड्यात विंटरहाल्टर त्याचं चित्र काढत होता. तेव्हा राणीने हिरा मागवला आणि त्याच्या हातात दिला. त्याची देखभाल करणाऱ्या लॉगिन दांपत्यापैकी बाईंच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. मुलगा हिरा घेऊन खिडकीपाशी गेला. उजेडात धरून कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. कुणीच काही बोलेना. मग तो परत आला आणि त्याने हिरा राणीच्या हातात ठेवला.

काय बघत असेल तो? आपला हिरा ओळखू येतो का, हेच ना?

* * *

हे सगळं मी घरी आल्यावर चिरंजीवांना ऐकवलं. तो म्हणाला, "आई, कोहिनूर कुठे, आपला चौतीस सेंट कुठे!" बरोबर होतं त्याचं. पण तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "काय म्हणाला रे सराफ? जुना आहे म्हणाला?"

सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, कान मात्र शाबूत. मी जाऊन त्यांच्या पलंगावर बसले.

"ओळखलं म्हणायचं त्याने," त्या म्हणाल्या. "अगं, तो माझ्या कुडीतला हिरा."

त्यांना लग्नात, १९५८ साली, त्यांच्या आईने हिऱ्याच्या कुड्या घातल्या होत्या. मधे एक टपोरा, भोवती सहा बारीक. त्या आईलाही त्या कुणाकडून तरी आलेल्या. १९८० च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला गेल्या आणि गर्दीत एक कुडी पडली. सोबतच्या बायका दिवसभर पायऱ्यांवर वाकून शोधत होत्या म्हणे. घरी आल्यावर सासऱ्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "गंगेला दिली असं समज." (आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो.) एकट्या कुडीचं काय करणार? ती डबीत पडून राहिली. नऊ वर्षांनी मुलाचं लग्न ठरलं. ह्यांचा पगार तो केवढा. मग सासूबाईंनी डबी काढली. बाजूचे सहा बारीक हिरे विकून सोनं घेतलं आणि मधला हिरा अंगठीत बसवला.

"आणि ह्यांनी काय दिलं?" मी विचारलं.

"त्याने? मजुरी दिली!" आणि त्या त्यांच्या त्या दात नसलेल्या तोंडाने खूप वेळ हसत राहिल्या.

मला हसावं की रडावं कळेना. छत्तीस वर्षं मी ज्याला मूळ अंगठी म्हणून जपत होते, मोडायची म्हटल्यावर नळ सोडून उभी राहत होते, ती मुळात मोडून केलेलीच होती. आणि ती घडवताना दुसऱ्या एका बाईने आपली डबी रिकामी केली होती. मला बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

"आई, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू ती भीत भीत घातली असतीस. आणि पहिलीवहिली अंगठी जुन्यातून केली म्हणून तुझ्या माहेरी बोलले असते ते वेगळंच."

* * *

त्या रात्री झोप आली नाही. आणखी एका सासूची गोष्ट आठवत राहिले. ती वाचली होती तेव्हा नुसती राजघराण्यातली म्हणून वाचली होती. आता वेगळीच दिसू लागली.

इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ २०२२ साली गेली. तिच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी तुम्ही फोटोंत पाहिली असेल. मधे तीन कॅरटचा गोल हिरा, दोन्ही बाजूंना लहान हिरे, प्लॅटिनमचं कोंदण. १९४७ मध्ये तिचा फिलिपशी विवाह ठरला तेव्हा फिलिप नावाचा राजपुत्र होता, पण जगत होता नौदलाच्या पगारावर. भावी राणीला साजेशी अंगठी तो कुठून आणणार? हिरे दिले त्याच्या आईने.

ही आई म्हणजे बॅटनबर्गची ॲलिस. १८८५ चा जन्म, जन्मतः बहिरी. ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायला शिकली. १९०३ मध्ये ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न झालं. रशियाचा झार दुसरा निकोलस आणि त्याची राणी, म्हणजे ॲलिसची सख्खी मावशी, लग्नाला आले होते. त्यांनी तिला हिऱ्यांचा मुकुट दिला. इंग्रजीत टियारा म्हणतात तसा, डोक्यावर अर्धगोल बसणारा.

पुढे काय काय झालं! १९१८ मध्ये झारच्या कुटुंबाला बोल्शेविकांनी गोळ्या घातल्या. १९२२ मध्ये ॲलिसच्या कुटुंबाला ग्रीस सोडून पळावं लागलं. फिलिप तेव्हा दीड वर्षाचा होता. १९३० मध्ये ॲलिसचं मानसिक संतुलन बिघडलं आणि तिला स्वित्झर्लंडमधल्या आरोग्यशाळेत ठेवण्यात आलं. तिथे तिची दोनेक वर्षं गेली. घर विस्कटलं ते विस्कटलंच. दुसऱ्या महायुद्धात ती अथेन्सला एकटी राहिली, गरिबांसाठी अन्नछत्रं चालवायला मदत केली, आणि जर्मनांच्या नाकाखाली कोहेन नावाच्या एका ज्यू कुटुंबाला आपल्या घरात लपवून ठेवलं. त्यासाठी इस्राएलने पुढे तिचा मरणोत्तर सन्मान केला.

अशा बाईने १९४७ साली झारने दिलेला मुकुट मुलाच्या हवाली केला. लंडनच्या फिलिप अँट्रोबस या सराफांनी तो मोडला. त्यातल्या हिऱ्यांची अंगठी झाली, आणखी काही हिऱ्यांचं एक कंकण झालं, ते लग्नातली भेट म्हणून नवरीला मिळालं. घाट फिलिपने स्वतः लक्ष घालून ठरवला. ज्या झारने मुकुट दिला तो नाही, त्याचं साम्राज्य नाही, आणि ॲलिसला मुकुट घालून मिरवायचं असं कुठलं दरबारी आयुष्यही उरलेलं नाही. ती १९६९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात वारली तेव्हा तिच्या मालकीचं असं काहीच शिल्लक नव्हतं. सगळं तिने वाटून टाकलेलं.

योगायोग बघा. त्याच १९४७ मध्ये अमेरिकेत डी बीअर्स कंपनीच्या जाहिरातीसाठी फ्रान्सेस गेरेटी नावाच्या बाईंनी ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं, हिरा चिरंतन असतो या अर्थाचं. साखरपुडा म्हणजे हिऱ्याची अंगठी हे समीकरण जगभर पसरलं त्यात त्या वाक्याचा मोठा वाटा. त्या जाहिरातीतला हिरा दुकानातून नवाकोरा यायचा, आधी कुणाचाच नसायचा. ॲलिसचा हिरा मात्र आधीच चव्वेचाळीस वर्षं जगून आला होता.

विचार करता करता मला एक फरक लक्षात आला. नाशिक हिरा आणि कोहिनूर यांचंही रूप बदललं आणि ॲलिसच्या हिऱ्यांचंही. पण पहिल्या दोघांना घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांना रुचेल असं घासलं. आपल्याकडचे जुने कारागीर हिऱ्याचं वजन राखायचे, दोष असेल तिथे जास्तीचे पैलू पाडून तो झाकायचे. युरोपातल्यांना प्रकाश हवा होता, त्यासाठी वजन गेलं तरी चालेल. १९१९ मध्ये मार्सेल तोलकोव्स्कीने तर गोल हिऱ्याचे कोन गणिताने मांडून दाखवले. त्या गणिताला माझी ना नाही, आज दुकानांत झगमगतात ते हिरे त्याच वाटेने आलेले. पण लाहोरहून आलेल्या हिऱ्याला ते "चमकत नाही" म्हणाले, तेव्हा तो जिथे आणि ज्या उजेडात चमकत आला होता ते कुणीही विचारलं नाही. ॲलिसच्या बाबतीत देणारीने स्वतः, जिवंतपणी, ओळखीच्या हातात दिलं. मुकुट मोडला, पण हिरे कुठून आले ते घालणारीला माहीत होतं. घर बदललं, माणसं तुटली नाहीत.

* * *

सकाळी मी मुलाला सांगितलं. अंगठी मोडूया, हिरा कापायचा नाही. तो थोडा कुरकुरला, सर्टिफिकेटचं बोलला. तेव्हा होणाऱ्या सूनबाईच फोनवर म्हणाल्या, "अरे, मी रोज लोकांचे दात वाचवते. शक्य असेल तर घासायचं नाही हे मला सांगू नकोस." झालं, विषय संपला.

सराफाने बंद कोंदणाचा घाट सुचवला. काटे नाहीत. हिऱ्याच्या कडेने सोन्याची पट्टी पूर्ण फिरवायची आणि आत वळवून दाबायची. हिरा खाली बसतो, हातमोजा अडकत नाही. आणि कडेचा टवका त्या पट्टीखाली जातो, म्हणजे तिथे पुन्हा फटका बसायची भीतीही कमी. मी म्हटलं, "म्हणजे टवका दिसणार नाही?" तो म्हणाला, "दिसणार नाही काकू. पण असणार."

सोनं माझ्याच अंगठीचं वापरायचं ठरलं. बावीस कॅरट मऊ पडतं, रोजच्या वापराला अठरा बरं, म्हणून त्यात मिसळ घालून ते अठराला आणायचं. मी कारागिराच्या खोलीत गेले होते त्या दिवशी. त्याने काटे उघडून हिरा काढला आणि पांढऱ्या कागदाच्या पुडीत ठेवला. मग माझी अंगठी मुशीत टाकली. ज्योत लागल्यावर ती आधी लाल झाली, मग तिचा आकार ढासळला, आणि बघता बघता एक थेंब झाला. थरथरणारा, पिवळा. एक मिनिटही लागलं नाही. कारागीर म्हणाला, "बाहेर बसा काकू, धूर लागतो डोळ्यांना." धूर फारसा नव्हता. तरी मी बाहेर जाऊन बसले.

तयार झालेली अंगठी घरी आणली ती साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. सगळ्यांनी पाहिली. होणारी सून आली होती, तिने बघितली आणि थेट सासूबाईंच्या हातात दिली. "आजी, तुम्ही बघा आधी."

सासूबाई काठी टेकत उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. चांगल्या डोळ्याजवळ अंगठी नेली. उजेड मागे-पुढे करत बराच वेळ बघत होत्या. मला एकदम तो पंधरा वर्षांचा पोरगा आठवला आणि छातीत धडधडायला लागलं. ओळखू आला नाही तर?

"आहे," त्या म्हणाल्या. "मधला डोळा आहे अजून."

ते तळाचं बारीक वर्तुळ. मला सराफाने भिंगातून दाखवावं लागलं, आणि त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. लहानपणी आईच्या कानात बघायच्या म्हणे, हिऱ्याला डोळा आहे म्हणून.

मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, अंगठी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटून दिली. उद्या मुलगा घालेलच, पण आज त्यांना द्यायची होती.

मी अंगठीच्या डबीत एक कागद घडी करून ठेवला आहे. लग्नात मिळालेल्या कुड्या, १९५८. एक कुडी रामकुंडावर गेली, १९८०. माझी अंगठी, १९८९. हिरा आईंचा, मजुरी ह्यांची. टवका बँकेच्या दाराचा, १९९६, आता पट्टीखाली आहे. खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे.

बोटावरचा पांढरा पट्टा अजून आहे. परवा सूनबाईंनी विचारलं, "काकू, तुम्हाला एखादी साधी अंगठी करू या का?" म्हटलं, बघू. आणि आता काकू नको म्हणूस, आई म्हण.